सीताफळाच्या गुणसूत्रांपासून कर्करोगापर्यंत

सांगवीहून शिवाजीनगरला जाताना लागणाऱ्या कृषी महाविद्यालयात १९४३ मध्ये एका तरुणीने सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. केले. त्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्यातला, १९१७चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, ही त्यांची इच्छा. यातले काहीच झाले नाही. लग्न गणिताच्या अभ्यासकाशी झाले आणि वनस्पतींवरून त्या थेट कर्करोगाकडे वळल्या.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचपात्रात कशा वाढवायच्या, हे त्या शिकल्या. परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली.

पण त्यांचा खरा गोतावळा उंदरांचा. पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांचेच संकर घडवले, की उंदरांचा एक वंश तयार होतो. काही वंशांत बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो, काहींत क्वचितच. वरवर पाहता सगळा आनुवंशिकतेचाच खेळ. मात्र अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्येच दाखवले होते, की रोगप्रवण वंशाची पिल्ले दुसऱ्या वंशाच्या मादीच्या दुधावर वाढवली, तर रोगाचे प्रमाण खूप घटते. दुधातून विषाणू जात होता. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा वाटा वेगवेगळा ओळखणे, हेच रणदिवे यांचे वर्षानुवर्षांचे काम. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, हे आपल्याकडे लवकर मांडणाऱ्यांत त्या होत्या. (माणसात असा विषाणू सिद्ध झालेला नाही. उलट स्तनपानाने आईचा धोका थोडा कमीच होतो.)

१९६६ ते १९७० त्यांनी केंद्राचे संचालकपद सांभाळले, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. बीआरसीए-१ हे जनुक हाती आले ते १९९४ मध्ये. त्यातला दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि तो वडिलांकडूनही येतो. आपल्याकडे आई-मावशीचा आजार डॉक्टरांना सांगितला जातो, आत्याचा राहून जातो. चाचणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करतात. दोष सापडला तर नात्यातल्यांची. ज्या मुलीत तो दोष असतो, तिला तरुणपणीच दरवर्षी एमआरआय सुचवतात. काही जणी स्तन किंवा बीजांडकोश आधीच काढून घेतात. निर्णय सोपा नसतो आणि तो समुपदेशनाशिवाय घेऊ नये. दोष तिच्यात उतरलाच नसेल, तर तिचा धोका बहुधा इतर बायकांइतकाच असतो.

रणदिवे यांचे निधन २००१ मध्ये झाले. तेव्हा ही चाचणी भारतात फार थोड्यांच्या आवाक्यात होती.