हातातले पाखरू

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना सेलू तालुक्यात केळझर लागते. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशी परिसराची श्रद्धा. टेकडीवर गणेशाचे मंदिर, भोवताली शेतशिवार आणि थोडे दूर बोर अभयारण्याचे पानगळीचे रान. पावसाळा सुरू झाला की विहिरीवर झुकलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. वादळी पावसात एखादा खोपा तुटतो, आतली उघडीवाघडी पिले चिखलात पडतात आणि पोरांच्या हाती लागतात. पोरे त्यांना मायेने घरी आणतात, खोक्यात कापूस अंथरतात, भाताची शिते भरवतात, चोचीत दूध सोडतात. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी पिलू निपचित पडलेले असते. माया कमी पडलेली नसते. पिलाला काय हवे, हे ठाऊक नसते.

सुगरणीच्या खोप्यात नेमके काय घडते, तिची पिले कशी वाढतात, हे ज्यांनी दिवसेंदिवस बसून पाहिले आणि जगापुढे मांडले, ते डॉ. सलीम अली स्वतःच बालपणी पोरके झाले होते. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे होते तेव्हा वडील मोइझुद्दीन गेले आणि तिसऱ्या वर्षी आई झीनत-उन-निसा. सगळ्या पोरक्या भावंडांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या आपल्या घरात आणले. या दांपत्याला स्वतःचे अपत्य नव्हते; मात्र बहिणीच्या मुलांनी त्यांचे घर भरून गेले.

या घरात पक्षी यायचे ते स्वयंपाकासाठी. बाजारातून जिवंत तित्तिर आणि लावे टोपल्यांतून आणले जात. त्यांतले काही छोटा सलीम मागून घेई आणि लाकडी खोक्याला जाळी ठोकून केलेल्या खुराड्यात त्यांना पाळी. पक्ष्यांशी जडलेली ही त्याची पहिली मैत्री. पण त्याच हातात मामाने दिलेली छऱ्याची बंदूकही होती. मामा स्वतः शिकारी होते आणि त्या काळच्या सुखवस्तू घरांत शिकार हा मर्दानी छंद मानला जाई. एकीकडे सुरीखालून पक्षी सोडवून आणायचा आणि दुसरीकडे चिमण्या टिपायच्या, यात त्या मुलाला काही विसंगती वाटत नव्हती.

नऊ-दहा वर्षांच्या वयात त्याने केलेली एक नोंद या दृष्टीने अस्वस्थ करणारी आहे. तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली आणि नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. सलीमने गाडीआड दडून नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला. अशा रीतीने सात दिवसांत आठ नर पडले आणि प्रत्येक वेळी त्या जागी नवा नर येऊन बसला. मुलाने हे सारे वहीत लिहून ठेवले. गोळी झाडणारा पोर आणि निरीक्षण करणारा शास्त्रज्ञ त्या एका पानावर शेजारी शेजारी आहेत. साठ वर्षे उलटल्यावर ती नोंद त्यांनी न लपवता प्रसिद्ध केली.

१९०८ च्या सुमारास अशीच एक चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाण्यास योग्य आहे की नाही, या शंकेने मुलाने ती मामांना दाखवली. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे ओळखले आणि बुजणाऱ्या त्या मुलाला कपाटांतील पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक काढून दाखवले. पोरक्या मुलाला मामांनी घर दिले होते; त्या दिवशी त्याला घराबाहेरचे जग मिळाले. पीतकंठी रानचिमणी विदर्भातील पानगळीच्या रानांतही राहते. झाडाच्या ढोलीत घरटे करणारा हा साधासुधा पक्षी भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात असा कायमचा जाऊन बसला.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. शिक्षण अर्धवट सोडून १९१४ मध्ये ते ब्रह्मदेशात भावाच्या खाणव्यवसायात मदतीला गेले. तिथे व्यवसायापेक्षा जंगलातच मन रमले. मुंबईला परतल्यावर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. प्राणिशास्त्राचे शिक्षण, वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी आणि मग बर्लिनला प्राध्यापक एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली अभ्यास असा प्रवास झाला. जर्मनीच्या मुक्कामात हेल्गोलँड बेटावर त्यांनी एक नवी गोष्ट पाहिली. तिथे स्थलांतरित पक्षी जाळ्यात धरले जात, त्यांच्या पायात क्रमांकाचे हलके कडे घातले जाई आणि लगेच त्यांना सोडून दिले जाई. पक्षी मारल्याशिवायही त्याच्याकडून ज्ञान मिळवता येते, ही कल्पना ते सोबत घेऊन आले.

१९३० मध्ये परतले तेव्हा नोकरी संपुष्टात आली होती. पती-पत्नी अलिबागजवळील किहीम येथे तेहमिना यांच्या माहेरच्या छोट्या घरात राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. बेकारीचा तो पावसाळा सलीम अलींनी शिडीवर आडोसा उभारून त्या खोप्यांसमोर घालवला. त्यांच्या ध्यानात आले, की खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की माद्या येऊन तो पारखतात. एखादीने पसंत केला तर नर तो पुरा करतो आणि लगेच दुसरा खोपा दुसऱ्या मादीसाठी विणायला घेतो. अंडी उबवण्याचा आणि पिले वाढवण्याचा भार बहुतांशी एकट्या मादीवर पडतो. प्रौढ सुगरण धान्य खाणारी; पण पिलांना ती किडे आणून भरवते. वाढत्या देहाला लागणारे सत्त्व धान्यात नाही, किड्यांत आहे.

केळझरच्या खोक्यातील पिलू का दगावते, याचे उत्तर या निरीक्षणात दडलेले आहे. भाताच्या शितांनी त्याचे पोषण होत नाही. दूध पक्ष्याला पचत नाही आणि चोचीत ओतलेला द्रव श्वासनलिकेत जाऊन जीव घेतो. शिवाय आई दर काही मिनिटांनी घास आणते. माणसाला दिवसभर तेवढी सवड नसते. पिलू जगलेच, तर दुसरा धोका उभा राहतो. कोनराड लोरेन्झ यांनी १९३० च्या दशकात हंसांच्या पिलांवर दाखवून दिले, की काही पक्ष्यांची पिले जन्मताच जे हलते-बोलते पाहतात त्यालाच आई समजतात. सर्व जातींत हे सारख्या प्रमाणात घडत नाही. पण माणसाला विटाळलेला नव्हे, तर माणसाला सरावलेला पक्षी रानात टिकणे कठीण जाते. मांजराची भीती, भक्ष्याचा शोध, आपल्या थव्याची हाक यांतले त्याला काहीच येत नाही. म्हणून पिलू वाढवणे हे अर्धेच काम ठरते. त्याला सोडता येईल असे वाढवणे हे पुरे काम.

१९३९ मध्ये शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. ज्यांच्या आधारावर सलीम अलींनी पैशाची पर्वा न करता रानवाट धरली, तो आधारच गेला. पुन्हा एकदा घर नाहीसे झाले आणि पुन्हा आप्तांनीच सावरले. बहीण कामू आणि तिचे पती यांच्या घरी ते राहू लागले. यानंतरची जवळपास पन्नास वर्षे त्यांनी पक्ष्यांना वाहिली. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक आले. डिलन रिप्ली यांच्यासमवेत लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला.

संग्रहासाठी त्यांनी अनेक पक्षी मारले आणि विज्ञानाची गरज म्हणून त्याचे समर्थनही केले. त्यांच्या चरित्रातील ही बाजू झाकण्यात अर्थ नाही. मात्र उत्तरायुष्यात त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा कडी अधिक दिसू लागली. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि गोचिडींमार्फत माणसांनाही ताप येऊ लागला. स्थलांतरित पक्षी अशा गोचिडी आणतात काय, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घालण्याचे काम हाती घेतले. बिहारमधील मीरशिकार पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडत आले होते. तेच कौशल्य आता पक्षी इजा न होता धरण्यासाठी वापरले गेले. पक्षी मुठीत यायचा, मापे घेतली जायची, कडे चढायचे आणि मूठ उघडायची. भरतपूरला सोडलेली बदके हजारो किलोमीटरवर सोव्हिएत संघात सापडली, तेव्हा एका तळ्याचे नाते किती दूरच्या भूमीशी आहे, ते सिद्ध झाले.

त्याच भरतपूरला १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या एका शिकारीत ४,२७३ पक्षी पडले होते. स्वातंत्र्यानंतर हे पाणथळ शेतीसाठी वळवण्याची मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी आपले वजन तळ्याच्या बाजूने टाकले. १९५६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य झाले आणि १९८५ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एकेक पाखरू वाचवणाऱ्या मुलाने अखेरीस पाखरांचे घर वाचवले. पद्मविभूषण, गेटी पारितोषिक, राज्यसभेचे सदस्यत्व हे मान लाभले. २० जून १९८७ रोजी मुंबईत वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पहिला दिवस विदर्भाची राने शब्दांत आणणाऱ्या मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, अखेरचा सलीम अलींच्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानपक्षी घरी पाळता येत नाही. जखमी वा पोरक्या पिलांसाठी वर्ध्याजवळ पिपरी येथे करुणाश्रम आहे, नागपुरात वनविभागाचे उपचार केंद्र आहे. पंख फुटलेले, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारे पिलू बहुधा पोरके नसतेच. आई जवळच्या फांदीवर किडा घेऊन वाट पाहत असते. त्याला मांजरापासून दूर, उंच फांदीवर ठेवून बाजूला होणे पुरते. उघड्या अंगाचे पिलू शक्य असेल तर खोप्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही.

केळझरच्या बाभळींवर येत्या पावसाळ्यातही खोपे विणले जातील आणि वाऱ्याने काही पडतील. पिलू उचलणारा हात असतोच. तो वेळेवर उघडावा लागतो.