वडिलांसाठी शोधलेली गोळी

माझ्या वडिलांचे गुडघे दुखत. रोज सकाळी नुसत्या चहाबरोबर ते दुखण्यावरची एक गोळी घेत. ती कुणी लिहून दिली होती, हे त्यांनाही आठवत नव्हते. एके दिवशी शौचाला डांबरासारखे काळे झाले. जठरातून रक्त जात होते. ते वाचले. रुग्णालयाच्या बाकावर बसल्याबसल्या त्या दिवसांत मी फेलिक्स हॉफमनचे चरित्र वाचून काढले.

जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथे २१ जानेवारी १८६८ रोजी हॉफमन जन्मला. म्युनिकला रसायनशास्त्र शिकून १८९४ साली तो बायर कंपनीत लागला. त्याच्या वडिलांना संधिवात होता. सोडियम सॅलिसिलेट घेतले की सांधे हलके होत, पण पोटात आग पडे. वडिलांना सोसवेल असे औषध करावे म्हणून मुलगा कामाला लागला, अशी कथा आहे. ती छापून आली मात्र १९३४ साली! १० ऑगस्ट १८९७ रोजी त्याने शुद्ध अॅसिटिलसॅलिसिलिक आम्ल तयार केल्याची नोंद त्याच्या वहीत आहे. त्याच महिन्यात त्याच हातांनी हेरॉइनही बनवले, आणि कंपनीचा औषधतज्ज्ञ ड्रेझर याला तेच अधिक मोलाचे वाटले. नव्या आम्लाने हृदय दुबळे होईल, अशी त्याची समजूत होती. अखेर १८९९ साली 'अॅस्पिरिन' हे नाव नोंदले गेले.

हे काम माझ्या सांगण्यावरून झाले, असा दावा आर्थर आयशेनग्र्यून या सहकाऱ्याने १९४९ साली केला. तो ज्यू होता, नाझींच्या छळछावणीतून वाचलेला. त्याचा दावा सहज झटकण्याजोगा मला वाटत नाही. हॉफमन तोवर उरला नव्हता. लग्न न करता, १९२८ साली निवृत्त होऊन तो स्वित्झर्लंडला गेला आणि ८ फेब्रुवारी १९४६ रोजी वारला.

ज्या पोटासाठी एवढा खटाटोप झाला, ते काही सुटले नाही. का, ते १९७१ साली जॉन व्हेनने दाखवले. ही औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन रोखतात. सूज आणि वेदना त्यांच्यामुळे, पण जठराचे अस्तर राखणे आणि मूत्रपिंडाला रक्त पुरवणे हेही त्यांचेच काम. गोळी रक्तात शिरूनही हे करतेच. म्हणून वरचे आवरण किंवा जेवणानंतर घेणे पूर्ण कवच ठरत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही त्याच कुळातली.

डॉक्टरांनी वडिलांना सगळे बजावून सांगितले. लागलीच तर कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस. या कुळातल्या दोन गोळ्या एकदम नकोत. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी गोळी, आधीचा व्रण, गर्भारपण असेल तर विचारल्याशिवाय एकही नको. पावसाळ्यातल्या तापात डेंग्यूची शंका असताना तर नाहीच, आणि लहान मुलांना अॅस्पिरिन नको. मात्र हृदयासाठी लिहून दिलेली अॅस्पिरिन आपल्या मनाने बंदही करायची नाही.

वडिलांनी घरातला पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला. तीन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या निघाल्या. तिन्हींत डायक्लोफेनॅकच होते.