रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे : मुक्या कामकऱ्यांचे साक्षी

बाळकुम हे खाडीकाठचे गाव आज ठाणे शहरात सामावले आहे. त्याच ठाण्यात 1848 साली एका गरीब फुलमाळी कुटुंबात नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म झाला. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे गृहस्थ म्हणून आमच्या पुष्कळ वाचकांस त्यांचे नाव ठाऊक असेल. परंतु त्यांच्या चरित्रात आणखीही एक मोठा धडा आहे. जगात अन्याय पुष्कळ ठिकाणी होतो. मग काहींचा बोभाटा देशोदेशी होतो आणि काहींचा एक शब्दही छापून येत नाही, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर लोखंडे यांच्या आयुष्यात सापडते.

त्यांचे शिक्षण बेताचेच झाले. काही काळ दुसरी नोकरी केल्यावर ते मुंबईस एका कापडगिरणीत मालाच्या कोठारावर लागले. तेथे त्यांनी कामकऱ्यांचे हाल रोज डोळ्यांनी पाहिले. त्या काळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते. म्हणून सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि उन्हाळ्यात ते तेरा-चौदा तासांवर जाई. आठवड्याची ठराविक सुट्टी नसे, पगार लांबत असे, आणि यंत्रात हात सापडून कोणी लुळा झाला तर त्याने मुकाट्याने घरी जावे अशीच रीत होती.

ही हकीकत कोणास ठाऊक नव्हती असे नाही. विलायतेत लँकेशायरचे गिरणीवाले तिचा उच्चार मोठ्याने करीत. कारण मुंबईचे सूत व कापड स्वस्त पडल्याने त्यांच्या व्यापारास धक्का बसत होता. येथील बहुतेक देशी पत्रे उलट बाजूस होती. गिरण्या आपल्या लोकांच्या, आणि कायदा मात्र लँकेशायरच्या सोयीचा, असे म्हणून त्यांनी कारखान्यांच्या कायद्यास विरोध केला. हीच पत्रे आसामातील चहाच्या मळ्यांवरील मजुरांचे हाल मात्र कळकळीने छापीत; कारण तेथील मळेवाले इंग्रज होते. तात्पर्य, दुःख किती मोठे आहे यावरून ते ऐकले जात नाही. ते सांगण्यात कोणाचा लाभ आहे व कोणाची अडचण आहे, यावरून पुष्कळदा ठरते.

लोखंडे यांनी हे ओळखले. ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. त्या चळवळीचे दीनबंधु हे साप्ताहिक 1877 साली पुण्यास कृष्णराव भालेकर यांनी काढले होते. पैशाअभावी ते बंद पडले, तेव्हा 1880 साली लोखंडे यांनी ते मुंबईस आणून पुन्हा सुरू केले. ज्यांचे गाऱ्हाणे दुसऱ्यांच्या पत्रात मावत नव्हते त्यांना त्यामुळे स्वतःचे पत्र मिळाले.

पण केवळ लिहून ते थांबले नाहीत. 1881 च्या कायद्याने लहान मुलांचे थोडे रक्षण केले होते. प्रौढ पुरुषांस व स्त्रियांस त्यातून काही मिळाले नव्हते. 1884 च्या सप्टेंबरात लोखंडे यांनी मुंबईत कामकऱ्यांच्या सभा भरविल्या आणि सुमारे 5500 जणांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या साध्या होत्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आत हाती यावा, आणि कामावर जखमी झालेल्यास काही आधार असावा. दुसऱ्याने कामकऱ्यांविषयी बोलणे निराळे आणि कामकऱ्यांनी स्वतःच्या नावानिशी बोलणे निराळे. त्या अर्जास लँकेशायरचा डाव म्हणून बाजूस सारणे कठीण झाले.

24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत जी सभा भरली तीत सुमारे 10,000 कामकरी जमले आणि दोन कामकरी स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे 1891 च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी ठरली व स्त्रियांचे काम 11 तासांवर आले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा पडण्यास मात्र 1911 साल उजाडले.

त्याच 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून, विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा ठराव केला. या कामीही लोखंडे यांचा पुढाकार होता. घराच्या माजघरात होणाऱ्या जुलमाची बातमी कोणता बातमीदार आणणार? ज्यांच्या हातून तो जुलूम होत असे त्यांनीच हात आवरला, तेव्हा ती गोष्ट चव्हाट्यावर आली.

दूरदेशीही हाच अनुभव आहे. 1890 साली जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थांनी आफ्रिकेतील काँगो देशात बेल्जमच्या राजाच्या अमलाखाली चाललेला छळ उघड पत्राने जाहीर केला. पण त्याने तो छळ थांबला नाही. पुढे 1904 च्या सुमारास ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईंनी काढलेली हात तोडलेल्या माणसांची छायाचित्रे सभांतून दाखविली जाऊ लागली, तेव्हा लोकमत जागे झाले आणि 1908 साली राजाची ती खासगी सत्ता संपली. बाई त्या लोकांत राहत होत्या, म्हणूनच त्यांना साक्ष देता आली.

1895 साली सरकारने लोखंडे यांना रावबहादूर ही पदवी दिली. मुंबईत प्लेग आला तेव्हा पुष्कळ लोक शहर सोडून गेले. लोखंडे राहिले, रोग्यांच्या सेवेत गुंतले, आणि त्याच रोगाने 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्यांचा अंत झाला.

वाचकहो, हे चरित्र केवळ वाचून बाजूस ठेवण्याचे नव्हे. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली, तरी ठाणे जिल्ह्यात उचल घेऊन वीटभट्टीवर अडकलेली कातकरी कुटुंबे पुढेही आढळत आली आहेत. तेथे परदेशचा बातमीदार सहसा येत नाही. भट्टी गावाबाहेर, कामकरी निरक्षर, हंगाम संपला की पाल उठलेले. आणि त्यांचे हाल छापण्यात कोणा बड्याचा लाभही नसतो. पण गावातील उपदेशक व मंडळीतील माणसे तेथून फार दूर नसतात. उचल किती घेतली, किती फिटली, मजुरी किती मिळाली, कोणास जाऊ दिले नाही, हे तारखेसह लिहून ठेवावे. त्या माणसांस बरोबर घेऊन, त्यांच्याच तोंडून ते तहसीलदारापुढे मांडावे. लोखंडे यांनी याहून निराळे काही केले नाही. जगाने ऐकावे अशी इच्छा असेल, तर जवळ असणाऱ्याने आधी ऐकले पाहिजे.