सर विश्वेश्वरय्या : अपुऱ्या पाण्याच्या न्याय्य वाटपाचा ध्यास

दरवर्षी 15 सप्टेंबर रोजी देशभर साजरा होणारा अभियंता दिन हा भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस होय. धरणांचे निर्माते म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र अपुरे पाणी कोणाला, किती आणि केव्हा द्यावे, हा प्रश्नही त्यांच्या कार्यात तितकाच महत्त्वाचा होता.

मैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे जन्मलेल्या विश्वेश्वरय्या यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी संपादन केली. 1884 मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश आणि पुणे येथे त्यांनी सेवा बजावली.

नीरा कालव्यावर ऊस पिकवणारे शेतकरी गरजेपेक्षा अधिक पाणी घेत. परिणामी काही जमिनी पाणथळ होत, तर अन्य शेतकरी पाण्यापासून वंचित राहत. यावर उपाय म्हणून त्यांनी 1899 मध्ये ब्लॉक पद्धत सुचवली. जमिनीचे गट पाडून उसाला गटातील ठरावीक हिस्साच द्यायचा, उर्वरित क्षेत्रात कमी पाण्याची पिके घ्यायची आणि पिकांची फेरपालट करायची, असे तिचे स्वरूप होते. त्यामुळे तेवढ्याच पाण्याचा लाभ अधिक गावांना मिळणे शक्य झाले. 1903 मध्ये खडकवासला धरणावर त्यांच्या आराखड्यानुसार स्वयंचलित दरवाजे बसवण्यात आले. भिंतीची उंची न वाढवता जलसाठा वाढवण्याची ही युक्ती होती.

1909 मध्ये ते मैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले आणि 1912 ते 1918 या काळात त्यांनी दिवाणपद भूषवले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम 1911 मध्ये सुरू झाले. वरच्या बाजूला पाणी अडवल्यास तंजावरच्या भातशेतीचे काय, अशी चिंता मद्रास सरकारला होती. 1914 मध्ये लवादाचा निर्णय येऊनही वाद शमला नाही. अखेर 1924 मध्ये करार झाला. खालच्या राज्यासाठी ठरलेला प्रवाह सोडल्यानंतरच मैसूरने पाणी साठवावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले आणि मद्रासलाही मेट्टूर धरणाचा मार्ग मोकळा झाला.

1955 मध्ये भारतरत्नने गौरवण्यात आलेल्या विश्वेश्वरय्या यांचे 1962 मध्ये निधन झाले. पुढे कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यात अवर्षणाच्या प्रत्येक वर्षी वाद उफाळत राहिला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकने तमिळनाडूसाठी सोडावयाचे पाणी 177.25 अब्ज घनफूट इतके निश्चित केले आणि त्याच वर्षी कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरण अस्तित्वात आले. परंतु हे आकडे सामान्य पर्जन्यमानाच्या वर्षाचे आहेत. पाऊस कमी झाल्यास तूट कोणी किती सोसावी, हा प्रश्न आजही दोन्ही राज्यांपुढे आहे. नीरेच्या काठी विश्वेश्वरय्या यांनी याच प्रश्नाला हात घातला होता.