इंग्रजी वाक्य अडतं कुठे?

भातकुलीहून अमरावतीला कॉलेजला जाणाऱ्या दोस्तांनो, इंग्रजीची असाइनमेंट आली की तुमच्याही पोटात गोळा येतो ना? वाचलेलं कळतं, सिनेमाही समजतो, पण स्वतःच्या मनातलं एक पान लिहायला बसलं की हात थांबतो. मग आपण सगळं खापर मराठी मीडियमवर फोडून मोकळे होतो. तसं करण्याआधी आपल्या वऱ्हाडात शिकून गेलेल्या एका मुलाची गोष्ट वाचा.

त्याचं नाव गोपाळ गणेश आगरकर. 'सुधारक'कार आगरकर तुम्हाला माहीत आहेत, पण ते अकोल्यातून मॅट्रिक झाले हे किती जणांना माहीत असतं? जन्म १४ जुलै १८५६ चा, कराडजवळच्या टेंभू गावचा. घरची गरिबी इतकी की शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी असं फिरत फिरत हा मुलगा अकोल्याला पोचला. तिथे विष्णू मोरेश्वर महाजनी या शिक्षकांचा त्याला आधार मिळाला. हे महाजनी स्वतः शेक्सपिअरची नाटकं मराठीत आणणारे. त्यांचं 'तारा' नाटक १८७९ चं. अकोल्यातच गोपाळ 'वऱ्हाड समाचार'मध्ये लिहू लागला. १८७५ मध्ये मॅट्रिक झाला आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथे म्हणे अंगात घालायला एकच सदरा होता. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा.

एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण ती करणार नाही, असं त्यांनी आईला पत्रानं कळवून टाकलं. टिळक-चिपळूणकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले आणि १८८१ मध्ये 'केसरी'चे पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढच्याच वर्षी त्यांचं 'विकारविलसित' आलं, म्हणजे शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' मराठीत. गुरूची वाट शिष्यानंही धरली, असंच म्हणा.

आता आपल्या कामाची गोष्ट. १८८८ मध्ये आगरकरांनी एक वेगळंच पुस्तक लिहिलं: 'वाक्यमीमांसा आणि वाक्याचें पृथक्करण'. इंग्रजी व्याकरणात वाक्य सुटं करून बघायची जी रीत होती, ती त्यांनी मराठी वाक्याला लावून दाखवली. वाक्यात कोणाबद्दल बोललंय, त्याच्याबद्दल काय म्हटलंय, कोणता भाग कोणाला जोडलाय, हे सगळं वेगळं करून पाहायचं. शाळेत आपण हे मार्कांपुरतं केलं आणि विसरलो. पण आपलं इंग्रजी अडतं ते नेमकं इथेच.

'मला ताप आला' हे वाक्य घ्या. आला कोण? ताप. म्हणजे मराठीत कर्ता ताप आहे, 'मी' नाही. आता हे शब्दाला शब्द लावून इंग्रजीत न्या: 'टू मी फीवर केम'. हसू येतं ना? यातला एकही शब्द तुम्हाला नवा नाही. चुकली ती वाक्याची मांडणी. इंग्रजीत इथे कर्त्याच्या जागी 'आय' येऊन बसतो आणि क्रियापद लगेच त्याच्या मागे. मराठीत मात्र क्रियापद बहुतेक वेळा शेवटी येतं. 'मला भूक लागली', 'मला राग आला', 'मला पुस्तक आवडलं', सगळीकडे हाच घोळ. शब्दकोश पाठ करून तो सुटत नाही. आपलं मराठी वाक्य आधी सुटं करता आलं पाहिजे, तेव्हा ते इंग्रजीत नव्यानं जोडता येतं.

आगरकरांनी आयुष्यभर हेच दोन भाषांमधलं जाणं-येणं केलं. मिल आणि स्पेन्सर इंग्रजीत वाचले, आणि त्यातून पटलेला विचार टेंभूच्या माणसालाही कळेल अशा मराठीत मांडला. १८८८ मध्येच निघालेल्या 'सुधारक'मध्ये मराठी मजकूर ते बघायचे आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले. एकच पत्र, दोन भाषा. बालविवाह आणि विधवांच्या केशवपनाविरुद्ध लिहिलं म्हणून लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्यानं शरीर पोखरलं होतं. १७ जून १८९५ ला ते गेले, तेव्हा वयाची ३९ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

तेव्हा पुढच्या असाइनमेंटला एक करून बघा. म्हणायचं ते आधी मराठीत लिहा, लाजू नका. लांब वाक्य असेल तर त्याची दोन-तीन लहान वाक्यं करा. प्रत्येकात विचारा, करणारा कोण आणि केलं काय? मगच इंग्रजीला हात घाला. पहिलं पान वेळखाऊ होईल, पण त्यात लिहिलेलं तुमचं स्वतःचं असेल, गाइडमधलं नाही. आणि मराठी मीडियमची लाज वाटेल तेव्हा एवढं आठवा, की मराठी वाक्य सुटं करायला शिकवणारा माणूस मॅट्रिक झाला तो आपल्या अकोल्यातून.