सायकलच्या दुकानातून उभा राहिलेला कारखानदार

महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचा इतिहास लोखंडी नांगरापासून सांगण्याची प्रथा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बाबतीत मात्र तो सायकलपासून सांगायला हवा. २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. मुलाचा जीव मात्र चित्रांत आणि यंत्रांत. थोरले बंधू रामूअण्णांच्या पाठिंब्याने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना रंगांमधील सूक्ष्म भेद ओळखता येत नसल्याचे उघड झाले आणि चित्रकलेचा मार्ग खुंटला. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. लक्ष्मणरावांनी ती विद्या आत्मसात केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तीच शिकवू लागले. फावला वेळ संस्थेच्या कार्यशाळेत जाई.

मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली आणि व्यवसायाची कल्पना सुचली. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडायच्या, रामूअण्णांनी बेळगावात विकायच्या, असे ठरले. १८८८ मध्ये ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाने दुकान सुरू झाले. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, म्हणजे त्या काळी मोठीच रक्कम. शिवाय १५ रुपये घेऊन ती चालवायलाही शिकवले जाई. हे शिक्षण चैनीचे नव्हते. दुचाकीवर तोल सांभाळायचा कसा आणि उतारावर ती थांबवायची कशी, हे सांगणारे दुसरे कोणीच गावात नव्हते.

थांबवणे तर विशेष अवघड. त्या काळच्या सायकलींचा ब्रेक आजच्यासारखा रिमला दोन्ही बाजूंनी पकडणारा नसे. बोडेनच्या तारेचे पेटंटच १८९६ चे. त्यापूर्वी बहुधा हँडलवरची मूठ दाबली की एक लोखंडी दांडी खाली सरके आणि तिच्या टोकाचा चमच्यासारखा तुकडा पुढच्या चाकाच्या टायरवर दाबला जाई. हा ब्रेक बसवताना सारी कसोटी अंतराची. तुकडा टायरच्या फार जवळ राहिला तर सतत घासून टायर झिजवी आणि पाय थकवी. फार दूर राहिला तर मूठ पुरती दाबूनही चाक थांबत नसे. चाक किंचित अंडाकार झाले असेल तर दर फेऱ्याला एकदाच घासे. तेव्हा दोष ब्रेकमध्ये नसून आऱ्यांच्या ताणात आहे, हे ओळखावे लागे. पाना फिरवण्याआधी चाक हाताने फिरवून पाहायचे, ही समज पुस्तकातून येत नाही. आजही घरी ब्रेक जुळवू पाहणारे अनेक जण नेमके हेच विसरतात.

मुंबईत बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीची निवड झाली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावी परतले. बांधलेला पगार सोडून दुरुस्तीच्या हत्यारांवर संसार चालवायचा, हा निर्णय धाडसाचाच होता. परंतु परक्या देशात बनलेले यंत्र उघडून पाहण्याची, त्याचा बिघाड शोधण्याची सवय असलेल्या माणसाला ते यंत्र आपणच का बनवू नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. आधी कडबा कापण्याचे यंत्र आले, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

येथे खरी अडचण लोखंडाची नव्हती, विश्वासाची होती. लोखंडी फाळाने जमिनीत विष पसरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायलाच सुमारे दोन वर्षे गेली. सायकल विकताना चालवणेही शिकवावे लागले होते. नांगराच्या बाबतीतही तो शेतात चालतो हे पटवून देण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता.

धंदा रुळत असतानाच नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. मदतीस धावून आले ते औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० मध्ये निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली. वस्तीची आखणी रामूअण्णांनी केली. शिक्षा भोगून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी पहारेकरी म्हणून ठेवले. भल्याभल्यांना हे धाडस झाले नसते. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांच्या संमतीने पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले.

१९२० मध्ये कंपनी मर्यादित झाली. पुढे पंप आले, पुत्र शंतनुराव अमेरिकेतून अभियंता होऊन परतले आणि कारभार विस्तारला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. ज्या बेळगावातून त्यांना कारखाना हलवावा लागला, त्याच शहरातील एका रस्त्याला किर्लोस्करांचे नाव आहे.