ओसाड रेतीवरील वन

आल्डो लिओपोल्ड हे अमेरिकेतील वनाधिकारी. १९०९ साली ते तेथील सरकारी वनखात्यात दाखल झाले. लांडगे मारले म्हणजे हरणे वाढतील, अशी तरुणपणी त्यांची समजूत होती. परंतु सहकाऱ्यांसह टिपलेल्या एका लांडगिणीच्या डोळ्यांतील हिरवे तेज विझताना त्यांनी पाहिले, आणि ते दृश्य जन्मभर त्यांच्या मनातून गेले नाही. शिकारीपुरते रान राखणे त्यांना पुढे अपुरे वाटू लागले.

१९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी एक शेत विकत घेतले. शेत कसले, कस गेलेली रेताड जमीनच ती! तिच्यावर उभे होते केवळ कोंबड्यांचे एक खुराडे. तेच झाडून, दुरुस्त करून पत्नी व पाच मुलांसह ते सुटीत तेथे राहू लागले. वसंत ऋतू आला की सारे कुटुंब पाइन वृक्षाची रोपे लावी. १९३६ च्या अवर्षणात पहिली बहुतेक रोपे करपून गेली. पुढल्या वसंतात त्यांनी पुन्हा कुदळी हाती घेतल्या. असे करीत हजारो झाडे वाढली.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील वणवा विझवीत असता हृदयविकाराने लिओपोल्ड यांचे निधन झाले. १९८२ साली पाचही भावंडांनी पित्याच्या नावे संस्था स्थापिली. ते खुराडे आणि ते वन तिच्याच सांभाळात आहे.